डावीकडचे नऊ इंच

शुगर लँडच्या मराठी मंडळींमध्ये मंजुषा हरकरे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. कुणालाही स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा असला की दगड तिला विचारून घ्यायचा, ही एक. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा राग. तो चढला की तिचा आवाज खाली यायचा, आणि तिचा नवरा सुमंत खोलीतून हळूच उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला जायचा. टेक्सासच्या भर दुपारी पाणी घालणारा सुमंत दिसला की शेजारी ओळखायचे.

रागाला कारणं होती. नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., तीही विद्यापीठात दुसरी. उन्हात हातोडा घेऊन पाषाणाच्या टेकड्या पालथ्या घातलेली मुलगी. शहाऐंशी साली लग्न होऊन इकडे आली, आणि सुमंतच्या व्हिसावर तिला नऊ वर्षं काम करायचीच बंदी होती. ग्रीन कार्ड आलं तेव्हा तेल कंपन्यांमधले लोक म्हणाले, डिग्री जुनी आहे, इथला अनुभव नाही. कुणी कॉम्प्युटरचा कोर्स सुचवला, कुणी डे-केअर. मुलगी अनया शाळेत जायला लागल्यावर एक दिवस मंजुषा हायवेलगतच्या एका दगडाच्या यार्डात शिरली. बाहेर ‘माणसं हवीत’ अशी पाटी होती. आत म्हातारा मालक एका गिऱ्हाइकाला काळा ग्रॅनाइट दाखवत होता.

“हा ग्रॅनाइट नाही,” मंजुषा म्हणाली. “गॅब्रो आहे. दुसरी चीज आहे.”

म्हातारा खो खो हसला आणि सोमवारपासून ये म्हणाला. त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली होती. म्हातारा गेला, त्याचा मुलगा ग्लेन मालक झाला. मंजुषा बासष्टची झाली. घरोघरी जाऊन मापं घ्यायची, स्लॅब निवडायचे, कुठून कापायचं ते खडूनं आखून द्यायचं, हे तिचं काम. मराठी मंडळातले लोक पाठीमागे तिला ‘दगडवाली’ म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

त्या वर्षी जुलैत डॉक्टर चारुदत्तांचा फोन आला. हृदयरोगाचे डॉक्टर, आता निवृत्त, मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. सुमंतचे तीस वर्षांचे स्नेही. गोल्फ कोर्सजवळ तळ्याकाठी त्यांचं नवीन घर बांधून होत आलं होतं.

“वहिनी, फायरप्लेससाठी एक खास पीस घेतलाय. यार्डात पाठवतो. जरा साइझला आणून द्यायचा आहे, बस.”

दुसऱ्या दिवशी ट्रकमधून लाकडी खोकं आलं. तीनशे किलोंचा ऐवज, फोर्कलिफ्टशिवाय हलेना. रोहेलिओनं खोकं उघडलं. रोहेलिओ म्हणजे यार्डातल्या मोठ्या करवतीवरचा माणूस, साल्वादोर देशातला, मंजुषाच्याच वयाचा. आत काळा बसाल्ट होता, आणि त्यावर सिंह कोरलेला होता.

पूर्ण सिंह नव्हता. डोकं मानेपासून तुटलेलं. पण छाती होती, आयाळीच्या जाड बटा होत्या, आणि खाली पुढचे दोन पंजे, एक पुढे टाकलेला. वरच्या कडेला गोफ विणल्यासारखी नक्षीची पट्टी. डावीकडच्या पुढे टाकलेल्या पंजाची नखं अशी उचलून कोरली होती, की दगडात घट्ट रुतल्यासारखी वाटत होती. मंजुषानं त्यावरून हात फिरवला. बसाल्ट तिच्या लहानपणापासून ओळखीचा. घरच्या पायरीचा, विहिरीच्या काठाचा दगड. त्यातली बारीक भोकं बोटाला लागली तसं तिला बरं वाटलं.

ते बरं वाटणं पाच मिनिटं टिकलं असेल. तिनं रोहेलिओला दगड उलटा करायला सांगितला, आणि मागची बाजू बघून तिचा आवाज खाली आला.

दगडाच्या पुढच्या बाजूला, कोरीवकामाच्या खाचांत, चुनखडीचा पांढरट कडक थर बसलेला होता. जमिनीत शेकडो वर्षं पडून राहिल्याशिवाय तसा थर धरत नाही. मागच्या बाजूला मात्र त्याचा मागमूस नव्हता. तिथे होते अर्धगोल, एकाशेजारी एक असे चरे. हिऱ्याच्या पात्याच्या ग्राइंडरनं पडतात तसे. अशी पाती यार्डाच्या भिंतीवर रांगेनं टांगलेली होती. कुणीतरी हा दगड भिंतीतून कापून काढला होता, आणि तेही अलीकडे. कापलेला भाग अजून निळसर करडा, ताजा होता.

“रोहेलिओ, हे किती जुनं कापलेलं वाटतं तुला?”

रोहेलिओनं अंगठा फिरवला. “चार वर्षं. पाच.” मग तो म्हणाला, “सेन्योरा, मी याला करवत लावणार नाही. याला पाय आहेत.”

डॉक्टर दुपारी आले. पांढरी टोपी, गोल्फचे बूट. आल्या आल्या त्यांनी खडू मागून घेतला आणि डावीकडून नऊ इंचांवर उभी रेघ मारली.

“एवढं उडवायचं. तो पंजा तसाही अर्धवट आहे आणि डिझाइन सिमेट्रिकल होत नाही. आणि हे पांढरं पांढरं आहे ना, ते सगळं पॉलिश करून काढा. काळा चकाचक झाला पाहिजे.”

“डॉक्टर, हा दगड आला कुठून?”

“दुबईच्या डीलरकडून. पेपर्स आहेत की. डेकोरेटिव्ह स्टोन, युरोपातल्या एका फॅमिलीचं जुनं कलेक्शन, साठ सालापासूनचं. तुम्ही नका काळजी करू.”

“साठ साली हिऱ्याच्या पात्याचे हे ग्राइंडर होते का?”

“म्हणजे?”

“मागे बघा. हा चोरीचा माल आहे. कुणीतरी कुठल्यातरी देवळाची भिंत कापून आणलाय.”

डॉक्टर हसले. पेशंटच्या नातेवाइकांकडे बघून हसायचे तसं. “वहिनी, तुम्ही ओटे करता. मी आर्ट घेतो. आपण आपापलं काम करू या. फॉर्म द्या, सही करतो.”

त्यांनी वर्क ऑर्डरवर सही केली. त्यावर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अक्षरात: डावीकडचे नऊ इंच काढणे, दर्शनी बाजू घासून पॉलिश करणे. गुरुवारी तयार हवा म्हणाले आणि गेले.

मंजुषानं दगडाचे दहा-बारा फोटो काढून अनयाला पाठवले. अनया दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला राहते, लायब्ररीत काम करते, आईशी इंग्लिशमध्येच बोलते. तासाभरात तिचा फोन आला.

“आई, आय थिंक इट्स हिटाइट. डोन्ट लेट एनीवन टच इट.”

हिटाइट हा शब्द मंजुषानं कॉलेजात कधीतरी इतिहासाच्या मैत्रिणीकडून ऐकला होता, तेवढाच. अनयानं एका प्राध्यापिकेचा पत्ता शोधून दिला. त्यांचं नाव केलर. पूर्वेकडच्या एका विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई. मंजुषानं फोटो पाठवले आणि जेवणाच्या सुट्टीत गाडीत एसी लावून बसली. थोड्या वेळानं केलरबाईंचा फोन आला.

“मी या सिंहाचं चित्र काढलंय,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थिनी होते तेव्हा. गुडघ्यावर बसून, तीन दिवस.”

त्यांनी सांगितलं ते असं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात हिटाइट लोकांचं मोठं राज्य होतं. ते कोसळल्यावरही दक्षिणेला, आजच्या उत्तर सीरियात, त्यांची छोटी छोटी राज्यं टिकून होती आणि जुन्या पद्धतीनंच देवळं बांधत होती. भिंतीचा खालचा थर काळ्या बसाल्टच्या फळ्यांचा, त्यांवर सिंह, पंखांची माणसं, पर्वतांचे देव. वर कच्च्या विटा. विटा विरघळून गेल्या, दगड राहिले. एका टेकडीवरच्या तसल्या देवळात हा सिंह दाराच्या डाव्या हाताला होता. ऐंशीच्या दशकात तो जागेवर होता. त्याचे फोटो होते, मापं होती. मग युद्ध आलं. टेकडीवर कुणी मोर्चे बांधले, कुणी बॉम्ब टाकले, आणि त्यांच्या मागून जनरेटर आणि ग्राइंडर घेऊन चोर आले.

“गावातला एक म्हातारा पहारेकरी होता आमचा,” केलरबाई म्हणाल्या. “पावसात या दगडांवर पोती टाकायचा. दगड फुटू नये म्हणून. आणि आता त्याला घासून चकचकीत करायचंय तुमच्या डॉक्टरला?”

“माझा नाही तो डॉक्टर,” मंजुषा म्हणाली.

केलरबाईंनी तिला सरकारी तपास खात्याचा नंबर दिला. चोरून आणलेल्या पुरातन वस्तूंसाठी तिथे वेगळी माणसं असतात म्हणे. मंजुषानं फोन केला. पलीकडच्या माणसानं सगळं लिहून घेतलं, फोटो मागवले, आणि म्हणाला की शुक्रवारी सकाळी येतो. तोवर दगड तिथेच राहील एवढं बघा.

गुरुवारी डॉक्टरांना कळलं की दगडाला हातही लागलेला नाही. त्यांनी थेट ग्लेनला फोन केला. डॉक्टरांच्या घरातले तीन ओटे, दोन बाथरूम आणि बाहेरचं सगळं फरशीकाम ग्लेनकडे होतं, आणि त्यांच्या ओळखीतून येणारी आणखी दहा घरं. ग्लेन लालबुंद होऊन बाहेर आला.

“मंजू, काय चाललंय? तो कापायचा नसेल तर नको कापू. डॉक्टर ट्रक पाठवतोय, दगड घेऊन दुसरीकडे जाईल. मला लफडं नकोय.”

“तो दुसरीकडे कापला जाईल.”

“तो त्याचा दगड आहे!”

“त्याचा नाही. हेच तर सांगतेय तुला.”

ग्लेननं हात उडवले आणि ऑफिसात गेला. यार्डात फोर्कलिफ्ट एकच. तिची एक किल्ली खिळ्याला, दुसरी ग्लेनच्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये. खिळ्यावरची तिनं काढून घेतली. मग ऑफिसात जाऊन ग्लेनच्या देखत ड्रॉवर उघडला, दुसरी घेतली आणि दोन्ही पर्समध्ये टाकून चेन लावली.

“यू आर स्टीलिंग माय कीज?” ग्लेन ओरडला.

“पोलिसांना बोलाव ना,” मंजुषा अगदी हळू आवाजात म्हणाली. “बोलावच. मला हवेच आहेत ते.”

ग्लेननं फोन उचलला, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

दीड वाजता ट्रक आला. सोबत दोन धट्टीकट्टी माणसं, आणि मागून गाडीतून स्वतः डॉक्टर. बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन. मंजुषानं दगडाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली होती आणि ती त्यावर बसून होती. ट्रकवाल्यांनी पट्टे बांधून दगड उचलायचा प्रयत्न केला, तो चार बोटंही हलला नाही. त्यांनी रोहेलिओला किल्ली विचारली. रोहेलिओला त्या दिवशी इंग्लिश येत नव्हतं.

डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “वहिनी, हा तमाशा बंद करा. सुमंतला फोन करू का मी?”

“करा. तो झाडांना पाणी घालत असेल.”

“एवढं काय आहे हो त्या दगडात? ग्लेन सांगतो, सीरियाचा आहे म्हणे. मग तिकडे पडला असता तर बॉम्बनं चुरा झाला असता. मी वाचवलाय तो. आय सेव्ह्ड इट!”

हे ऐकून मात्र मंजुषा उठली. “वाचवलाय? तुमच्यासारखे घेणारे आहेत म्हणून कापणारे आहेत, डॉक्टर. मालच विकला गेला नसता तर त्या टेकडीवर ग्राइंडर कुणी कशाला नेला असता? आणि वाचवून तुम्ही काय करणार होतात? पंजा तोडणार होतात. सिमेट्री येत नाही म्हणून. तीन हजार वर्षं भूकंपानं, पावसानं, सैन्यांनी तो पंजा ठेवला, आणि तुमच्या फायरप्लेसला तो जास्त झाला!”

डॉक्टरांचा चेहरा उन्हात पांढरा दिसला. “तुम्ही पस्तावाल,” एवढंच म्हणून ते गाडीत बसले. ट्रक रिकामा परत गेला.

शुक्रवारी तपास खात्यातले दोघं आले, एक बाई आणि एक पुरुष. त्यांनी दगड मोजला, फोटोंशी ताडून पाहिला, कागदपत्रं घेतली, वर्क ऑर्डरची एक प्रत घेतली आणि दुपारपर्यंत सिंह सरकारी ट्रकात चढला. फोर्कलिफ्ट रोहेलिओनं चालवली. मंजुषानं किल्ली त्याच्या हातात दिली आणि दुसरी ग्लेनच्या टेबलावर नेऊन ठेवली. दोन आठवड्यांनी ग्लेन म्हणाला, धंदा मंदावलाय, तुझी जागा सध्या ठेवता येत नाही. चोवीस वर्षांनी. त्यानं केक आणला होता. तिनं तो खाल्ला नाही.

इथवर मंजुषाला राग आला, पण ते तिला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं.

डॉक्टरांवर कसलाही गुन्हा झाला नाही. त्यांनी वकील लावला, आपली फसवणूक झाली असं लिहून दिलं आणि दगडावरचा हक्क ‘स्वखुशीनं’ सोडला. ऑक्टोबरात मंडळाच्या ई-अंकात त्यांचा पानभर फोटो आला. मथळा होता, ‘वारशाचे रक्षक’. सीरियाचा अमूल्य ठेवा डॉक्टरांनी ओळखला आणि मोठ्या मनानं सरकारच्या स्वाधीन केला, असं खाली लिहिलं होतं. यार्डाचं नाव नाही, मंजुषाचं नाही, रोहेलिओचं तर नाहीच. वर रविवारी दुपारच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

“नको जाऊ या,” सुमंत म्हणाला. “कशाला उगाच. जाऊ दे ना आता.”

“तू नको येऊस. मी जाणार.”

सुमंत आला. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, बटाटेवड्यांचा वास होता. अध्यक्षांनी शाल घातली, डॉक्टरांच्या पत्नी नीना यांनी फुलं घेतली, टाळ्या झाल्या. डॉक्टर माइकसमोर आले आणि म्हणाले, की बघताक्षणी माझ्या लक्षात आलं, हा साधा दगड नाही.

मंजुषा सहाव्या रांगेत उभी राहिली. “डॉक्टर, एक प्रश्न आहे.”

अध्यक्ष म्हणाले, “प्रश्नोत्तरं नंतर, मंजुषाताई.”

“नंतर वडे असतात,” ती म्हणाली. तिनं पर्समधून एक कागद काढला. वर्क ऑर्डरची पिवळी प्रत. “मी वाचून दाखवते. ‘डावीकडचे नऊ इंच काढणे. दर्शनी बाजू घासून पॉलिश करणे.’ खाली सही आहे. तारीख आहे. बघताक्षणी लक्षात आल्यावर केलेली सही ही. त्या नऊ इंचांत काय होतं, ते सांगा सगळ्यांना.”

डॉक्टरांनी शाल सावरली.

“वहिनी, ही जागा नाही—”

“सिंहाचा पंजा होता,” मंजुषा म्हणाली. “ज्यानं कोरला त्याचं नाव कुणाला माहीत नाही. ज्यानं त्यावर पोती टाकली त्याचं नाव तुम्ही विचारलंही नाही. ज्या माणसानं करवत लावायला नकार दिला त्याचं नाव रोहेलिओ. एवढं लिहा पुढच्या अंकात.”

कागद तिनं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि ती बाहेर गेली. मागे टाळ्या वाजल्या नाहीत. पण दोन बायका तिच्या मागोमाग उठून आल्या, पार्किंगमध्ये शेजारी उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर सुमंतनं सीटबेल्ट लावला.

“तू बरोबर होतीस,” तो म्हणाला. “पण—”

“पण नको, सुमंत.”

“बरं. नाही म्हणत पण.”

पुढच्या अंकात काही छापलं गेलं नाही. बऱ्याच घरांतली आमंत्रणं थांबली. सुमंतचं गोल्फ थांबलं. ते त्यानं बोलून दाखवलं नाही आणि मंजुषानंही विचारलं नाही. सिंह सरकारी गोदामात आहे. परत पाठवायचा तर तिकडे घेणारं कोण, कुठे ठेवणार, याचा पत्रव्यवहार चालू आहे. मंजुषा दर महिन्याला पत्र लिहून विचारते. एकदा उत्तर आलं, की प्रकरण विचाराधीन आहे. ते पत्र वाचून तिनं कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं, की कडी निखळली.

त्या देवळाच्या दाराच्या उजव्या हाताला दुसरा सिंह होता. केलरबाईंकडे त्याचंही चित्र आहे, आणि पंखांच्या दोन माणसांचं, आणि एका पर्वतदेवाचं. उपग्रहाच्या फोटोत आता त्या जागी खड्डे दिसतात. मंजुषानं ती सगळी चित्रं एका पानावर छापून घेतली. वर मोठ्या अक्षरांत, इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये: असा दगड आला तर कापू नका, फोन करा. स्पॅनिश रोहेलिओनं तपासून दिलं. मग ती ह्यूस्टनच्या आसपासच्या दगडाच्या दुकानांची यादी करून एकेक दुकान फिरू लागली. ती आत जायची, सुमंत गाडी चालवायचा.

पहिल्या दुकानात हसले. तिसऱ्यात कुणी बघितलंच नाही. पाचव्यात मालकिणीनं पान भिंतीवर चिकटवलं. सुमंत म्हणाला, उन्हात किती फिरणार, मेल पाठव की. ती म्हणाली, मेल कोण वाचतं, दगडवाल्याशी दगडवाल्यानंच बोलायला पाहिजे.

नवव्या दुकानाचा मालक व्हिएतनामी होता, चष्मा कपाळावर चढवलेला, हात भुकटीनं पांढरे. त्यानं पान घेतलं, चष्मा खाली ओढला आणि चित्रांवरून बोट फिरवत पंखांच्या माणसापाशी थांबला.

“हा,” तो म्हणाला. “हा आला होता. गेल्या वर्षी. कॉफी टेबल करायचं होतं त्यांना.”

मंजुषा काउंटरवर वाकली. “मग?”

“चार तुकडे केले. मला काय माहीत?” त्यानं पान हातात तसंच धरून ठेवलं होतं. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाला, “लेडी, मला खरंच माहीत नव्हतं.”

तिला वाटलं होतं की ती ओरडेल. तिनं त्या माणसाच्या पांढऱ्या हातांकडे बघितलं. राग आला, पण त्याच्यावर नाही. त्याला कुणी सांगायला आलंच नव्हतं. ज्यांनी आणून दिला, त्यांना मात्र नक्की माहीत होतं.

तिनं काउंटरवरचं पेन उचललं आणि पानाची मागची कोरी बाजू वर केली.

“बिल केलं असशील ना?” ती म्हणाली. “नाव आणि पत्ता सांग.”